नर्सम्माची जागा

मी, श्रीमती कृपावती सॅम्युएल देवदानम्, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार पुनरुत्थान देवालयासमोर, चिलकलगुडा, सिकंदराबाद, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि बऱ्यापैकी रागात लिहून ठेवीत आहे. मृत्युपत्रात राग लिहीत नाहीत, असे माझे वकील सूर्यप्रकाश राव यांचे मत आहे. ते आमच्या ख्रिस्ती मंडळीत नाहीत, म्हणून तसे म्हणतात. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मंडळीचे सेक्रेटरी श्री. रत्नम् पहिली शंका तीच काढतील. माझी आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांतल्या एकाचा मजकूर तर पाळकसाहेबांनीच मला तोंडी सांगितला होता.

१. मला मूलबाळ नाही. माझे यजमान सॅम्युएल हे देवालयाच्या दफनभूमीत कडुलिंबाखाली आहेत. त्यांच्या शेजारची जागा माझ्या नावे राखलेली आहे. तिच्याविषयी पुढे लिहिते, कारण घोडे तिथेच पेंड खाते आहे.

२. माझी बाजाची पेटी अंध मुलींच्या शाळेला द्यावी. देवालयाच्या गायकवृंदाला देऊ नये. त्यांनी नवे यंत्र आणले आहे, बटण दाबले की आपोआप ढोल वाजतो. गाणे आपोआप सुरात येण्याचे बटण मात्र त्यात नाही, हे दर रविवारी कळते.

३. माझी शिलाई मशीन आणि दोन मोठी पातेली नाल्याकाठच्या वस्तीतल्या बायकांना द्यावीत. स्त्रीमंडळाला चमचासुद्धा देऊ नये. नाताळात वस्तीला जेवण घालतो म्हणून या मंडळाचा केवढा गवगवा! बिर्याणीतले मटण आधी कमिटीच्या ताटांत जाते. वस्तीला भात, खडा मसाला आणि आशीर्वाद मिळतात.

४. माझ्या नावाने देवालयात पंखा, बाक, घड्याळ किंवा पाण्याची टाकी बसवू नये. आमच्याकडे पंख्याच्या पात्यांवर दात्यांची नावे रंगवतात. वीज गेली की दाते दिसू लागतात, आणि तेवढ्यासाठी काहीजण उकाडाही आनंदाने सोसतात.

५. आता नर्सम्माविषयी. ती मोंडा बाजारात कोथिंबीर विकते. वस्तीतल्या बायकांसाठी मी शिवणवर्ग घेत असे, त्यात ती आली. तिची टीप कधी सरळ आली नाही, पण ती येत राहिली. तिचा बाप्तिस्मा आमच्याच देवालयात झाला. तेव्हापासून मंडळीच्या सेवाकार्याचा असा एकही फोटो नाही ज्यात ती नाही. पाळक, सेक्रेटरी आणि अर्धी कमिटी एका कांबळ्याला धरून उभी असते, आणि उरलेला कोपरा नर्सम्माच्या हातात असतो. फोटो निघेपर्यंत कांबळे कोणी सोडत नाही.

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या संध्याकाळी पाळकसाहेब, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा गरिबांचे पाय धुतात. त्या बारांत नर्सम्मा दरवर्षी असते आणि टॉवेल धरायला मी. पण त्याआधी सेक्रेटरी तिला स्वयंपाकघरामागच्या नळावर पाठवतात. हातात साबणाची वडी देऊन सांगतात, "नीट घासून धू गं. पाळकसाहेबांच्या हाताला घाण लागायला नको." ती मुकाट्याने धुऊन येते. मग धुतलेले पाय पुन्हा धुतले जातात आणि मंडळी डोळे पुसते.

या पावसाळ्यात नर्सम्माच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी आशा सोडली आहे. मी भेटायला गेले तर ती म्हणाली, "टीचरम्मा, घंटा ऐकू येईल अशा जागी पुरा मला. नाल्याकडच्या मैदानात नका टाकू. पाणी चढलं की तिथली माणसं वर येतात."

मी श्री. रत्नम् यांना विचारले. ते म्हणाले, "टीचरम्मा, जरा समजून घ्या. दफनभूमी सभासदांसाठी आहे. ती सभासद नाही, ती आपल्या सेवाकार्यातली."

"म्हणजे काय हो?"

"म्हणजे ती आपल्याकडे येते. आपल्यातली नाही."

पाळकसाहेब शेजारीच बसले होते. त्यांनी बिस्कीट चहात बुडवले आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू." मला त्या दोघांची किळस आली. ती अजून गेलेली नाही.

६. म्हणून माझी राखीव जागा मी नर्सम्माला देते. माझी चिंता कोणी करू नये. नियमाप्रमाणे कुटुंबाच्या थडग्यात दुसरी शवपेटी ठेवता येते. मला सॅम्युएलच्या वर ठेवावे. त्यांनी माझी पेटी वाजवणे जन्मभर सहन केले, थोडे ओझेही सहन करतील.

७. माझे राहते घर. कमिटीला ते गाड्या लावायला हवे आहे, हे मला ठाऊक आहे. माझ्या खोकल्याची चौकशी करताना त्यांची नजर माझ्या भिंती मोजत असते. हे घर देवालयाला मिळेल, पण नर्सम्माला वरील जागेत, घंटा वाजवून आणि गायकवृंदासह पुरले तरच. माझ्यामागे ती हयात असेल, तर तोवर घर वकील राव यांच्या ताब्यात राहील आणि भाड्यातून तिचे औषधपाणी होईल. कमिटीने नकार दिल्यास घर ब्रदर व्हिक्टर यांना द्यावे. रेल्वेपुलापलीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपली वेगळी प्रार्थनासभा भरवून ते रात्री उशिरापर्यंत चार भोंग्यांवर सैतानाला पिटाळत असतात. त्यांना देवालयासमोरच जागा हवी आहे.

या मृत्युपत्राची नक्कल उद्याच कमिटीकडे जाईल. त्यांनी माझ्या मरणाची वाट पाहू नये. नर्सम्माला तेवढा वेळ नाही.

८. शेवटची अट. पेटी बंद करण्यापूर्वी नर्सम्माचे पाय पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातांनी धुवावेत. टॉवेल श्री. रत्नम् यांनी धरावा. तिला वस्तीतून जशी आणली असेल तशीच असू द्यावी. या वेळी तिला आधी नळावर कोणी नेऊ नये.

वरील मजकूर मी वाचला, वकीलसाहेबांनी दोनदा वाचला, आणि एकही शब्द गाळलेला नाही.

सही: कृपावती देवदानम्

आमच्यासमक्ष सही केली. या मृत्युपत्रात आम्हाला काहीही मिळत नाही:
१. डॉ. रेहाना बेगम, दवाखाना, चिलकलगुडा
२. आगा बेहरूझ, चहाचे हॉटेल, स्टेशन रोड

ठिकाण: सिकंदराबाद
दिनांक: ९ सप्टेंबर २०१९