आईपासून लपवलेलं

बाबा, तुमच्या सुकेशनीचा पुण्याहून जयभीम.

मी बरी आहे, मेसचं जेवणही आता सोसायला लागलंय. आई गोळ्या वेळेवर घेते ना? चालताना अजून दम लागतो का?

आज नीतिशास्त्राच्या तासाला सरांनी विचारलं, "सत्य सांगणं हे कर्तव्य, की परिणाम बघून गप्प राहणं?" मी आपल्याच घरचं सांगितलं. आईचं हृदयाचं ऑपरेशन झालंय, तिला धक्का नको, म्हणून नागसेनमामा वारल्याचं आपण तिला कळू दिलं नाही. निम्मा वर्ग म्हणाला, जीव जपला हेच योग्य. सर म्हणाले, "पण रडायचा हक्क कुणाचा होता?" 

कालच आईचा फोन आला होता. "तुझ्या मामाचा फोन लागंना गं. त्याच्याकडं पिंगळीला जाऊ म्हणलं तर तुझे बाबा नको म्हणायलेत. माझ्यावर रुसला का काय त्यो?"

मी म्हणाले, "रेंज नसंल."

बाबा, ती स्वतःचंच काय चुकलं ते शोधत बसलीय. डॉक्टरांना विचारून, त्यांच्यासमोरच तिला सांगू. शनिवारी मी येते, तिच्याजवळ बसते.

तोवर जेवत जा. तुमीही एकटेच रडत असाल.

तुमची,
सुकेशनी