पाठीवरचे आकडे

ता. ४ मार्च

चि. लांबूस अ. आ. वि. वि.

पत्राला फारच उशीर झाला, रागावू नकोस. सातवीत शाळा सुटली, त्यामुळे तुझ्यासारखं झरझर लिहिणं मला जमत नाही. तुझी वहिनी म्हणते, तुम्ही पत्र लिहीत नाही, शिवता.

तुझं मागचं पत्र आल्यापासून घास गोड लागत नाही. कोर्टच्या पलीकडच्या टोकाला खेळाडूंच्या पाठीवरचे आकडे तुला दिसेनासे झाले, डॉक्टर म्हणाला यावर इलाज नाही, आणि मदतनीस शेजारी बसून कानात आकडे सांगतो म्हणून निभावतंय. पण किती दिवस? चौतीस वर्षांत हा तुझा नववा संघ. एका ठिकाणी मालक बदलला, एका ठिकाणी संघच बंद पडला, एका ठिकाणी एका गुणाने हरलास म्हणून सामान बाहेर. या वयात दहावा कोण देणार? बास्केटबॉल शिकवण्याखेरीज तुला धड चहासुद्धा करता येत नाही. तुझी बायको असती तर मला एवढा घोर नसता.

पण तू काळजी करू नकोस. मी एक तजवीज केली आहे. ती आत्ता सांगत नाही. तुझ्या पहिल्या संघाच्या जर्सी याच हातांनी शिवल्या होत्या, एवढं आठव.

म्हाताऱ्या शिंप्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


ता. २२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

नोकरी गेली. मॅनेजरने सगळ्या संघादेखत मला एका टोकाला उभं केलं, दुसऱ्या टोकाला एका खेळाडूला पाठमोरं केलं आणि म्हणाला, आकडा सांगा. मी मदतनीसाकडे पाहिलं, तो खाली मान घालून उभा. मी म्हटलं, चौदा. कोणीतरी हसलं. दादा, त्या जर्सीवर आकडाच नव्हता. सरावाची कोरी जर्सी होती.

डोळ्यांचं दोघांनाच ठाऊक, तुला आणि मदतनीसाला. तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, बारा वर्षं हाताला धरून शिकवलं, आता माझीच खुर्ची हवी झाली का. त्याने गळ्यातली शिट्टी काढून बाकावर ठेवली आणि तो चालता झाला.

आता खोलीत बसून असतो. समोरच्या कोर्टवर चेंडू आपटायला लागला की खिडकी लावून घेतो. तुझी तजवीज काय होती? आता तिचा उपयोग नाही, पण सांग.

वहिनींना नमस्कार. आहे तसा मला आपला म्हण.

लांबू


ता. २९ एप्रिल

चि. लांबूस अ. आ. वि. वि.

तीन पत्रं लिहून फाडली. हे चौथं.

मी तुझ्या मॅनेजरला पत्र टाकलं होतं. लिहिलं की पाठीवरचे आकडे वीतभर आहेत ते हातभर करा, मी सगळे फुकट शिवून देतो, कारण आमच्या लांबूला पलीकडचे दिसत नाहीत. वर हेही लिहिलं की त्याला सांगू नका, तो भिडस्त आहे. जन्मभर मी हेच केलं, कपडा तोकडा पडला की पट्टी जोडली. मला वाटलं, इथेही भागेल.

मदतनीस तुझ्याकडून निघाला तो थेट माझ्या दारात आला. त्या सकाळी मॅनेजरने माझं पत्र त्याच्यापुढे टाकून विचारलं होतं, हे खरं का. तो म्हणाला, साफ खोटं. म्हणून तर तुझी परीक्षा झाली. ते पत्र त्याने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, जाळून टाका, सरांना एकच भाऊ उरलाय, राग माझ्यावरच राहू द्या.

तुझी वहिनी त्याच दिवशी म्हणाली, लांबूला खरं लिहा. मी भ्यालो. तू त्याला सुनावलेले शब्द सगळीकडे पसरले, त्याला कोणी संघात घेईना, तो कुठल्याशा गोदामात खोकी उचलायला लागला. गेल्या आठवड्यात त्याला पत्र धाडलं, ते परत आलं. तिथूनही गेला. नवा पत्ता कोणाला माहीत नाही.

माफी कोणत्या तोंडाने मागू? अक्षरं मुद्दाम मोठी काढली आहेत, पानाला सहाच ओळी, म्हणजे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागू नये. शिव्या दे, पण लिही. तेही नको वाटलं, तर तुला हे वाचता आलं का, एवढं तरी लवकर कळव.

तुझा दादा