शकूची वेणी

देवराज मोहल्ला, म्हैसूर
१० मार्च १९६७

सौ. यमुनेस आशीर्वाद. मी खुशाल आहे, दुकानही बरं चाललंय. तुझी कंबर कशी आहे?

शकूचं डोकं चिकट होऊन खाजतं म्हणून केस कापायचे म्हणतेस, तर जरा थांब. परवा आमच्या घरमालकीण भागीरथीबाई सुनेला सांगत होत्या, ते भिंतीपलीकडून ऐकलं: "वनजा, तेलावर क्रीम, क्रीमवर तेल. डोकं आहे की दोशाचा तवा? साकु!" साकु म्हणजे कानडीत 'पुरे'. मग रिठ्याच्या पाण्यानं डोकं धुवायला लावलं आणि शेवटी डोक्यावरून पातळ ताक.

मी आधी माझ्याच डोक्यावर करून पाहिलं. थर निघाला, खाजही गेली. रिठे रात्री भिजत घाल, सकाळी कुस्करून गाळ, पोरीच्या डोळ्यांत जाऊ देऊ नकोस.

वेणी राहू दे. दोन वर्षांत ती केवढी झाली असेल. गावी येईन तेव्हा स्टेशनवर मी तिला वेणीवरूनच ओळखणार आहे.

तुम्हा दोघींचा,
बळवंत