बारा मेलेले घोडे

४ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
अ. उ. आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात कापसात गुंडाळलेले बारा मेलेले घोडे आहेत. पोस्टातल्या बाईंनी आत काय म्हणून विचारलं, तर मी हेच सांगितलं. त्यांनी खोकं लांब धरूनच शिक्का मारला. बोटभर उंचीचा एकेक घोडा मी हाताने रंगवलाय; प्रत्येकाच्या पोटाखाली आकडा आहे, त्या आकड्याचा तू रंगवलेला सांगाडा-स्वार वर चिकटव. मे महिन्यात तू आलीस की जेवणाच्या टेबलावर आपल्या खेळातल्या फौजांची लढाई. तुझी वहिनी तिच्या जिवंत पायदळानिशी आपल्याला तिसऱ्यांदा लोळवणार म्हणतेय.

स्वारांचे दात नीट काढ. लॅबमध्ये दिवसभर लोकांचे दात बनवतेस, घरच्या मेलेल्यांची हयगय नको. माझ्या घोड्यांत काही चुकलं असेल तर गंज समज, नाहीतर कुजलंय समज. मेलेल्याला सगळं शोभतं.

बाकी ठीक. मी ताटातलं अर्धं टाकून उठतो अशी वहिनीची कुरकुर चालू आहे. शाळेची बस गेटच्या खांबाला दोनदा घासली. गेटच अरुंद बांधलंय मेल्यांनी.

लोभ आहेच, तिकडचाही पोस्टाने येऊ दे.
तुझा दादा

११ फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

घोडे पोचले. पहिल्याचा डावा गाल कोरा, रंगाआधी मारतात ते नुसतं पांढरं प्रायमर. वाटलं, कवटी दाखवायची असेल. पण बाराही घोड्यांचा डावा गाल पांढरा, आणि उजवीकडून पाहिलं तर शेपटी पांढरी. मला काही उमगेना. शेवटी तू धरतोस तसा एक हातात धरला. त्याची डावी बाजू समोर धरली की तोंड माझ्या डाव्या हाताला येतं, उजवी धरली की शेपटी. म्हणजे घोडा कसाही धर, तुझ्या डावीकडे जे येतं ते राहून जातं.

ताटातलं कुठल्या बाजूचं राहतं ते वहिनीला विचार. बस कुठल्या बाजूने घासली ते तुला माहीतच आहे.

दादा, मला भीती वाटतेय. तुझ्या बसमध्ये चाळीस मुलं असतात. उद्याच सुट्टी घे आणि डोळे दाखव.

रागावलास तरी चालेल, पण लिही.
तुझी टिचकी

१६ फेब्रुवारी

चि. टिचकीस,
आशीर्वाद.

दात बनवता बनवता डॉक्टर कधी झालीस? गाल मी मुद्दाम सोडले. बावीस वर्षं बस चालवतोय, एका पोराला खरचटलेलं नाही. मला घरी बसवून जिवंतपणी सांगाडा करायचा आहे का? वहिनीच्या कानावर यातलं काही घालू नकोस. हा विषय पुन्हा काढायचा असेल तर घोडे परत पाठव.

दादा

२० फेब्रुवारी

ति. दादास,
शि. सा. नमस्कार.

घोडे परत पाठवणार नाही. वहिनीशी बोलले. ताटातलं डावीकडचं राहतं, आणि ताट फिरवून ठेवलं की तू मुकाट्याने जेवतोस, हे सांगताना ती रडली. मग मी तुमच्या मुख्याध्यापिकांना फोन केला. हे पत्र हातात पडेल तोवर तुला कळलंच असेल.

मला सायकल शिकवताना सगळी गल्ली हसत होती, तरी तू सीट सोडली नव्हतीस. मीही सोडणार नाही. माझ्याशी बोलणं टाकलंस तरी चालेल.

तरीही तुझीच,
टिचकी

१९ मार्च

चि. टिचकीस,
अनेक आशीर्वाद.

महिनाभर लिहिलं नाही, कारण तोंडात चांगलं काही येत नव्हतं. सगळ्यांदेखत चाव्या द्याव्या लागल्या. डॉक्टर म्हणतात, मेंदूतली एक बारीक रक्तवाहिनी कधीतरी बंद पडली, मला पत्ताही लागला नाही. दोन्ही डोळ्यांची डावीकडची नजर गेली, ती परत येणार नाही. नवा ड्रायव्हर रोज घरासमोरून हॉर्न वाजवत जातो. मी खिडकी लावून घेतो.

एक गोष्ट तुला लिहिली नव्हती. त्या गेटच्या खांबाशी सकाळी मुलं रांगेत उभी असतात. दुसऱ्यांदा खांब घासला त्या दिवशी मागून ओरडा झाला, म्हणून मी थांबलो. मला तिथे कुणीच दिसलं नव्हतं. आता जेवताना ते आठवतं आणि मी ताट सरकवून उठतो.

सोबत तेरावा घोडा आहे, गालासकट पुरा रंगवलेला. अर्धा झाला की पाय वर करून उलटा धरायचा, म्हणजे डावीकडचं उजवीकडे येतं. घोड्याला असं धरता येतं, रस्त्याला नाही. त्याच्यावर स्वार चिकटवू नकोस. तो तसाच असू दे.

मे महिन्यात नक्की ये. टेबलाशी माझ्या उजव्या हाताला बस, म्हणजे मला दिसशील.

तुझा दादा