डावीकडची पेटी

१८ मार्च
बोललो एकदाचा! बुद्धविहारात, भीमगीतांच्या तालमीत, सगळ्यांदेखत. यंदा जयंतीला अमृतरावाची पेटी नको, प्रितमचा कीबोर्ड घेऊ. पेटी हल्ली झोपलीच आहे. तीस वर्षं हा माणूस माझ्या डाव्या हाताला बसून वाजवतोय, मला नाही कळणार तर कोणाला?

अमृतराव म्हणाला, "सर, मी त पयलेसारखीच वाजवून राह्यलो." प्रितम म्हणे, "आमाले त नीट आयकू येते." — अरे बाबा, त्याला कान लागतो!

शेवटी ठरलं, आजचं रेकॉर्डिंग नीट ऐकून मी निकाल द्यायचा. रेकॉर्डर माझ्या पुढ्यातच होता. म्हणजे मला ऐकू येतं तसंच त्यात आलं असणार.

२० मार्च
मोबाइलवर ऐकलं. नुसता गोंधळ. पेटी कुठली, टाळ्या कुठल्या, पत्ता नाही. छत्तीस वर्षं गणित शिकवलं, पेपर न तपासता कोणाला नापास केलं नाही. वृषालीला हैदराबादला फोन लावला. "बाबा, माझा जुना लॅपटॉप काढा, त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाका, जुन्या मशीनलाही झेपतं. मग त्यावर ऐका."

२१ मार्च
लिनक्स दोनदा फसलं. तिसऱ्यांदा बसलं! हौसेनं भाषा मराठी निवडली. मेनूत असे शब्द आले की मुकाट्यानं इंग्रजी केली.

२४ मार्च
आदिलाबादहून डीएसी आणला. काडेपेटीएवढी डबी — लॅपटॉपमधल्या आकड्यांचा आवाज करते. सोबत तारेचा जाडजूड हेडफोन. इचोड्याला घरी येईपर्यंत बसमध्ये दोन्ही मांडीवर. आमची ही, पंचफुला म्हणे, "इतकुश्या डबीसाठी दिवस घातला?"

२५ मार्च
लिनक्स गाण्याला मधेच हात लावतं, सगळ्यांना एका मापात बसवतं. ते बंद केलं. एका फाइलीत दोन ओळी बदलल्या, बस्स! आता गाणं जसं आहे तसं थेट डबीत.

बासरी लावली. फुंकर ऐकू येते! बोट उचललेलं कळतं! इतकी वर्षं आपण काय ऐकत होतो? जेवायला तीनदा हाक मारली म्हणे. कोणी?

२६ मार्च
तालीम लावली. माझंच खरं! उजवीकडे ढोलकी खणखणीत, डावीकडे पेटी जीव नसल्यासारखी. प्रितमला फोन केला, कीबोर्ड आण. अमृतरावाला करवला नाही.

पंचफुला म्हणाली, "अवो, तीस वर्साचा माणूस हाय. तोंडानं सांगा त्याले." बरोबर आहे तिचं. पण गेलो नाही.

२८ मार्च
अमृतराव बसस्टँडवर भेटला. त्याला कळलं होतं. "पेटी विहारातच राहू द्या सर, पोरायच्या कामी येईन. मी आता काऊन येऊ तालमीले?" रागावला असता तर बरं झालं असतं. चहासुद्धा त्यानंच पाजला. फार वाईट वाटलं.

घरी येऊन मन रमवायला बासरी लावली. तर बासरीही डावीकडे मंद! त्या दिवशी कौतुकात लक्षच गेलं नव्हतं. म्हणजे दोष यंत्राचा? मग पेटीचा निकाल चुकला की काय!

मिक्सर पाहिला, डावा-उजवा सारखा. तार बदलली. लिनक्समध्ये एक तपासणी असते — बाई डावीकडून "फ्रंट लेफ्ट" म्हणते, उजवीकडून "फ्रंट राइट". माझी बाई डावीकडे कुजबुजते आणि उजवीकडे ठणकावते!

२९ मार्च
पुन्हा लिनक्स टाकलं, पहिल्यापासून. तेच. पंचफुलाच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "दोनीकडून सारखीच त बोलून राह्यली बाई."

हिला काय कळतंय! हेडफोनच खराब असणार. उद्या उलटा घालून बघतो, डावा उजव्या कानावर. मंदपणा तिकडे गेला की चोर सापडला.

३० मार्च
उलटा घातला. कुजबुज डाव्या कानातच राहिली.

अमृतरावाच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. म्हटलं, "चाल, पेटी वाट पाहून राह्यली. फक्त आता माह्या उजवीकडं बस."