बाबांचा सदरा

आई,

"काय घालून गेलती वं तू वावरात?" खुशालकाकाने माझ्यावर जबरदस्ती केली, हे रडत सांगितलं तेव्हा तू एवढंच विचारलंस. मी सोळाची होते. आता पंचेचाळिशी आली, पण तो प्रश्न अजून जाळतो.

तुला ठाऊक होतं काय घातलं होतं. कापूस वेचताना हात ओरखडू नयेत म्हणून बाया घालतात तसा, कुर्त्यावरून बाबांचा लांब बाह्यांचा सदरा. गळ्यापर्यंत गुंड्या तूच लावल्या होत्यास.

तो मी जपला. रविवारपासून अमरावतीत आम्हा मैत्रिणींच्या चित्रप्रदर्शनात, चित्रांच्या मधोमध, तो सदराच लटकेल आणि खाली तुझा प्रश्न लिहिलेला असेल. टांगताना मैत्रीण रईसा म्हणाली, "रागिणी, हा तं गडीमाणसाचा सदरा हाये. याच्यात काय दिसते?"

मी म्हटलं, "तेच मायले विचारायचं हाये."

काका अजूनही तेल्हाऱ्याला आपल्या घरी जेवायला येतो आणि पहिली गरम भाकर तू त्यालाच वाढतेस. मला संताप येतो, आई. तुझ्या हातच्या भाकरीची आठवणही येते, त्याचा आणखीच संताप येतो.

रविवारी ये. सदऱ्याशेजारी उभी राहा आणि लोकांना एवढंच सांग, "गुंड्या म्याच लावल्या होत्या."

तू येणार नाहीस. म्हणून तर हे पत्र टपालपेटीत टाकवत नाही. तरी ये.

तुझीच,
रागिणी