लुडमिलाचे रोखे आणि मी गाळलेले कलम

माझी बहीण लुडमिला हिचा रोख्यांचा दावा न्यायाधीशांनी गेल्या महिन्यात फेटाळला. तिच्या वकील आयरीन केसलर यांनी फोनवर तसे कळवले. म्हणून मी, कॉनरॅड वेसली, वय ७९, रोख्यांचे करार लिहिणारा निवृत्त वकील, राहणार अस्टोरिया, न्यूयॉर्क, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवतो. आधीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. आधी कबुली. जुने करार कात्रीने कापून, डिंकाने चिकटवून आम्ही नवे करार जुळवत असू. १९७८ साली ब्रॅडवेल कागद कंपनीचा करार जुळवताना, ठरावीक मर्यादेपलीकडे कर्ज काढण्यास मनाई करणाऱ्या कलमाच्या पट्टीवर कंपनीचे अध्यक्ष पामर यांनी बोट ठेवले. "वेसली, आमच्यावर विश्वास नाही?" मी ती पट्टी चिकटवली नाही. दहा वर्षांनी नव्या मालकांनी कंपनीच्याच डोक्यावर कर्ज चढवून ती विकत घेतली. भागधारकांचे भले झाले; रोखे म्हणजे कंपनीला दिलेले जुने कर्ज, ते बुडण्याच्या भीतीने निम्म्या किमतीवर आले. न्यायालय म्हणते, सद्भाव गृहीत असतो, पण न लिहिलेले कलम त्यातून उगवत नाही.

लुडमिलाची सगळी पुंजी त्या रोख्यांत होती. "ती दोनशे पानं मी कुठली वाचणार, कॉनी? तू लिहिलंयस म्हटल्यावर घेतले," एवढेच ती म्हणाली. रोखे पडले त्या रविवारीही तिने माझ्यासाठी खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, आणले.

२. घर पुतण्या एमेट यास. लुडमिला हयात असेतो तळमजल्यावर विनाभाडे राहील. तिच्या लेखी संमतीशिवाय घर विकता वा गहाण टाकता येणार नाही. मसुदा वाचून एमेट रुसला.

"काका, मी आत्याला बाहेर काढेन असं वाटतं तुम्हाला?"

"नाही रे."

"मग लिहिता कशाला?"

"माणूस चांगला म्हणून एकदा लिहायचं सोडलं होतं."

"मग तिचा पहाटेचा रेडिओही लिहा!"

"लिहितो. हेच पोटकलम ब. तक्रार चालणार नाही."

३. बचतीतून अपिलाचा खर्च भागवून उरेल ते लुडमिलाला. कात्री आयरीनला. पामर यांनी भेट दिलेला टाय त्यांना परत करावा. एकदाही घातलेला नाही.

४. अपिलाची सुनावणी १३ नोव्हेंबरला आहे. माझ्याबाबत डॉक्टर इतकी पक्की तारीख देत नाहीत. मी नसलो तर एमेट आत्याला न्यायालयात नेऊन पहिल्या बाकावर तिच्याशेजारी बसेल. तसे त्याने कबूल केले आहे. ही अट नाही.

सही: कॉनरॅड वेसली
आमच्यादेखत सही केली: थिओडोरा माव्रोस, शेजारीण, ह्यू पेनिंग्टन, घड्याळजी
अस्टोरिया, ६ सप्टेंबर १९९०